एक्स-रे पोझिशनिंग: अंश पाठ आहेत, तरी फिल्म रिपीट होते. चुकलेल्या फिल्मवरून दुरुस्ती कशी ओळखायची?

शिकाऊ_बकी (परळ)

नमस्कार मंडळी. रेडिओग्राफीचं दुसरं वर्ष चालू आहे आणि जनरल एक्स-रेची पोस्टिंग लागली आहे. डीआर (डिजिटल) सिस्टिम आहे, उभी बकी आणि टेबल बकी (किरण टिपणारा डिटेक्टर बसवलेली चौकट) दोन्ही आहेत. सेंटरिंग पॉइंट, अंतरं, ट्यूबचे अंश तोंडपाठ आहेत. रुग्ण समोर आला की मात्र तीन व्ह्यू सारखे बिघडतात:

१) चेस्ट पीए (छाती डिटेक्टरला, किरण पाठीकडून). दोन्ही खांदे डिटेक्टरला टेकलेले दिसतात, तरी फिल्मवर रोटेशन येतं, म्हणजे धड वळलेलं दिसतं.
२) लॅटरल (बाजूने काढलेला) गुडघा. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचे दोन कॉन्डाइल (गोल उंचवटे) एकमेकांवर बसत नाहीत, दोन कडा वेगळ्या दिसतात.
३) ओपन माउथ (उघड्या तोंडातून मानेचे वरचे मणके). डेन्सवर (दुसऱ्या मणक्याच्या वर आलेल्या सुळक्यावर) कधी दात येतात, कधी कवटीचा तळ.

फिल्म चुकली हे लगेच दिसतं. पण आता कुठल्या बाजूला आणि किती हलवायचं ते उमगत नाही, म्हणून दुसरी फिल्मही अंदाजानेच निघते. ओपीडीची रांग दारापर्यंत आलेली असते आणि रुग्णाला विनाकारण दुसऱ्यांदा डोस जातो, ते जास्त लागतं. चुकलेल्या फिल्मवरून पुढची हालचाल कशी ठरवायची, हे कुणी नीट समजावून सांगेल का?

उभी_बकी

प्रश्न अगदी नेमक्या जागी धरला आहेस. रिपीट करण्याआधी फिल्मसमोर दहा सेकंद थांबायची सवय लाव. पहिली फिल्म काय चुकलं ते सांगत असते. ते न वाचता काढलेली दुसरी फिल्म म्हणजे दुसऱ्यांदा केलेला अंदाज.

त्याआधी एक गोष्ट. रुग्णाला नजरेने नाही, बोटांनी पोझिशन द्यायची. नाभी, कपड्याची कड, पोटाचा घेर हे काहीच भरवशाचं नाही. नाभी प्रत्येकाची वेगळ्या पातळीवर असते. हाड जागा सोडत नाही. मानेमागचा ठळक उंचवटा म्हणजे सी-७, मानेचा सातवा मणका. छातीच्या वरचा खड्डा टी-२/टी-३ या छातीच्या मणक्यांच्या पातळीवर, इलियाक क्रेस्ट (कमरेच्या हाडाची वरची कड) एल-४/एल-५ या कमरेच्या मणक्यांच्या पातळीवर. सिम्फिसिस (ओटीपोटाखालचा पुढचा हाडांचा सांधा) चाचपायची गरज नाही. मांडीच्या बाजूला ग्रेटर ट्रोकँटर (मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा) लागतो, त्याच पातळीवर सिम्फिसिसची वरची कड येते. हात लावण्याआधी ‘काकू, कमरेचं हाड बघते हं’ एवढं सांग आणि मग ठामपणे लाव. घाबरत घाबरत फिरणारी बोटं रुग्णाला नकोशी होतात आणि हाडही सापडत नाही.

आता चेस्ट. रोटेशन बहुतेक वेळा पायांपासून सुरू होतं. रुग्ण एका पायावर भार देऊन उभा असतो, कंबर वळलेली असते, आणि आपण वरून खांदे ओढून बकीला टेकवतो. खांदे टेकतात पण धड पिळलेलंच राहतं. म्हणून आधी पावलं: थोडी फाकवलेली, दोन्ही एका रेषेत, भार सारखा. मग कंबर, मग खांदे. हनुवटी वर, डिटेक्टरच्या वरच्या कडेवर. हातांची मागची बाजू कमरेवर, कोपरं पुढे, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. खांदे खाली सोडलेले हवेत. कोपरं पुढे ढकलताना लोक खांदे कानापर्यंत उचलतात, तिकडे लक्ष असू दे. शेवटी मागे उभी राहून दोन्ही तळवे बरगड्यांच्या मागच्या बाजूला सपाट ठेव. एक तळवा दुसऱ्यापेक्षा ट्यूबच्या जवळ आहे असं वाटलं तर धड वळलेलं आहे. डोळ्याला न दिसणारं रोटेशन तळव्यांना कळतं.

सेंटरिंग टी-७ ला. पात्याचं खालचं टोक साधारण तिथेच येतं, पण हात कमरेवर नेले की पातं सरकतं. म्हणून मी सी-७ पासून खाली मोजायला सांगतो: बायकांमध्ये सुमारे १८ सेंमी, पुरुषांमध्ये सुमारे २० सेंमी. ट्यूब ते डिटेक्टर अंतर १८० सेंमी, ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) असेल तर ११० ते १२५ केव्ही (ट्यूबचे किलोव्होल्ट).

आता फिल्म वाचू. दोन्ही क्लॅव्हिकलची (गळ्याखालच्या आडव्या हाडांची) आतली टोकं आणि मधली स्पायनस प्रोसेस (मणक्याचं मागचं टोक) यांच्यातलं अंतर बघ. पीए फिल्मवर ज्या बाजूचं अंतर जास्त, ती बाजू डिटेक्टरपासून सुटलेली. उजवीकडे फट मोठी असेल तर उजवी बाजू मागे राहिली आहे, ती पुढे टेकव. कारण असं की उजवी बाजू मागे गेली की छातीचा पुढचा भाग उजवीकडे वळतो, मागचा मणका डावीकडे सरकतो आणि उजवी क्लॅव्हिकल मणक्यापासून लांब जाते. हे एकदा स्वतः भिंतीला तोंड करून वळून बघ, मग पाठ करावं लागत नाही. रोटेशनमुळे एक फुप्फुस दुसऱ्यापेक्षा काळं दिसतं आणि हृदयाची कड सरकते. टीबीच्या तपासणीला आलेल्या माणसाच्या फिल्मवर तो फरक आजार म्हणून वाचला जाऊ शकतो. म्हणून ‘थोडंसं रोटेशन चालतं’ असं म्हणून सोडून देऊ नकोस.

श्वास: पहिला खोल श्वास घेऊन सोडायला सांग, दुसरा खोल घेऊन धरायला सांग. दुसऱ्या श्वासाला डायफ्रॅम (छाती आणि पोटामधला पडदा) जास्त खाली जातो. मागच्या दहा बरगड्या डायफ्रॅमच्या वर मोजता आल्या पाहिजेत. आणि सूचना रुग्णाच्या भाषेत हवी. आपल्याकडे रांगेत मराठी, हिंदी, गुजराती सगळेच असतात. ‘सांस अंदर लो, और लो, रोको’ हे एक्स्पोजरचं बटण हातात घेण्याआधी एकदा करवून घे. ‘रोको’ ऐकल्यावर पुष्कळ जण श्वास सोडून मग थांबतात.

ट्रॉमा_टेबल

गुडघ्याचं मी घेतो.

दुखऱ्या बाजूवर झोपवायचं, म्हणजे लॅटरल (बाहेरची) बाजू खाली, मेडियल (आतली) वर. दुसरा पाय मागे ठेवून उशीचा आधार द्यायचा, नाहीतर तो पुढे येतो आणि गुडघ्याला कलंडवतो. टाचेखाली छोटा पॅड, म्हणजे नडगी डिटेक्टरला समांतर राहते. गुडघा २० ते ३० अंश वाकवा. जास्त वाकवला तर पटेला (गुडघ्याची वाटी) खाचेत ओढली जाते आणि पटेला-फीमरचा (वाटी आणि मांडीच्या हाडाचा) सांधा झाकला जातो. पटेला फ्रॅक्चरचा संशय असेल तर १० अंशांच्या पुढे वाकवू नका. तुकडे सुटून वेगळे होऊ शकतात.

आता अंगठा आणि मधलं बोट दोन्ही एपिकॉन्डाइलवर (कॉन्डाइलच्या बाजूला हाताला लागणाऱ्या उंचवट्यांवर) ठेवा. त्यांना जोडणारी रेषा डिटेक्टरला काटकोनात उभी राहिली पाहिजे. पटेलाकडे बघून ठरवू नका. पटेला बाजूला सरकलेली असू शकते आणि सुजलेल्या गुडघ्यात तर ती सापडतही नाही. ट्यूब डोक्याकडे ५ ते ७ अंश, मेडियल एपिकॉन्डाइलच्या २.५ सेंमी खाली सेंटर.

चुकलेल्या फिल्मवर पहिला प्रश्न: कडा पुढेमागे सुटल्यात की वरखाली? या दोन चुका वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. इथेच सगळ्यांची गफलत होते. अंश चुकलेला असतो आणि आपण पाय फिरवत बसतो.

वरखाली सुटल्या असतील तर पायाला हात लावू नका, ट्यूब बघा. मेडियल कॉन्डाइल डिटेक्टरपासून लांब आहे, त्यामुळे ट्यूब डोक्याकडे कलवली की तोच जास्त वर फेकला जातो. मेडियल खाली राहिला असेल तर अंश कमी पडला. तो लॅटरलच्या वर गेला असेल तर अंश जास्त झाला.

पुढेमागे सुटल्या असतील तर रोटेशन. मेडियल ओळखायचा कसा? त्याच्या मागच्या-वरच्या कडेवर एक छोटा खडबडीत उंचवटा असतो, ॲडक्टर ट्युबरकल. शिवाय लांब असल्यामुळे तो जरा मोठा दिसतो आणि त्याची खालची कड गोल असते; लॅटरलच्या कडेला मध्ये हलकी सपाट खाच असते. मेडियल मागे गेला असेल तर पटेला टेबलापासून जास्त वर राहिली आहे, गुडघा टेबलाकडे वळवा. मेडियल पुढे आला असेल तर पटेला जास्त टेबलाकडे गेली आहे, मागे आणा. पडताळा फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) डोक्यावरून करा. ते टिबियामागून (नडगीच्या हाडामागून) सुटून जास्त मोकळं दिसत असेल तर गुडघा जास्तच टेबलाकडे झुकलाय. टिबियात जास्त बुडालं असेल तर कमी वळलाय.

किती वळवायचं? गुडघा फिरवला की दोन्ही कॉन्डाइल उलट दिशांना सरकतात. म्हणून दोन कडांमध्ये जेवढी फट दिसते तिच्या निम्मंच हलवायचं. फट बघून तेवढंच फिरवणारा माणूस पलीकडच्या बाजूला चुकतो, आणि मग तिसरी फिल्म लागते.

लोकलमधून पडलेला किंवा बाइकवरून घसरलेला रुग्ण असेल तर त्याला कुशीवर वळवूच नका. पाय आहे तसाच, डिटेक्टर बाजूला उभा, आडवा बीम (किरणांचा झोत). याचा फायदा निराळा आहे: सांध्यात चरबी आणि रक्त साचलं असेल तर त्याची सरळ पातळी फक्त आडव्या बीमवरच दिसते. ती दिसली की सांध्यात उतरणारं फ्रॅक्चर शोधायलाच हवं.

उभी_बकी

ट्रॉमा_टेबल यांच्या अंशांना एक पुरवणी. ५ ते ७ हा मधला आकडा. उंच, अरुंद कंबरेच्या पुरुषाला ५ पुरतो. बुटक्या, रुंद कंबरेच्या बाईला ७ ते १० लागतो, कारण फीमरचा तिरकेपणा जास्त असतो. ओपीडीत गुडघेदुखीच्या निम्म्याहून जास्त काकूच असतात, आणि मेडियल कॉन्डाइल खाली लटकलेला दिसतो तो बहुधा त्यांच्याच फिल्मवर.

गिरगाव_फिल्म

वरच्या सगळ्याच्या आधीचं एक काम, जे घाईत राहून जातं: अंगावर काय आहे ते विचारणं. ‘दागिने काढा’ एवढं पुरत नाही. मंगळसूत्र आणि चेन निघते, पण कमरेचा करगोटा, दंडातला ताईत, साडीच्या पिना, ब्लाउजचे हूक, परकराच्या नाडीची गाठ तशीच राहते. करगोट्यातला चांदीचा मणी कमरेच्या एपीवर (किरण पुढून, पाठ डिटेक्टरला) बरोबर मणक्यावर येतो. सगळ्यात फसवी वस्तू म्हणजे वेणी. जाड, तेल लावलेली वेणी पाठीवर सोडलेली असली की फुप्फुसाच्या वरच्या टोकावर सावली येते, आणि टीबीचे डॉक्टर बघतात तीच जागा. केस डोक्यावर बांधायला सांगा. पावसाळ्यात ओल्या कपड्याची घडी छातीवर रेघ होऊन उमटते. कोरडा गाउन द्या. लेप किंवा जाड मलम लावलं असेल तर पुसून घ्या.

करगोटा किंवा ताईत काढायला कुणी नाही म्हणालं तर वाद घालू नका. धागा न तोडता तो भाग फिल्मच्या क्षेत्राबाहेर सरकवून चिकटपट्टीने धरता येतो.

शिकाऊ_बकी (परळ)

खूप आभार सगळ्यांचे. ‘पुढेमागे की वरखाली’ हे कुठेच इतकं सरळ वाचलं नव्हतं. क्लॅव्हिकलचा नियम पोर्टेबल (वॉर्डात मशीन नेऊन काढलेल्या) एपीला तसाच लावायचा का? आणि ओपन माउथचं राहिलंय.

वॉर्डवरची_ट्यूब

तसाच लावलास तर उलटी दुरुस्ती होईल. एपीमध्ये पाठ डिटेक्टरला असते. छाती उजवीकडे वळली तर उजव्या क्लॅव्हिकलची फट मोठीच दिसते, पण आता उजवी बाजू डिटेक्टरला टेकलेली आणि डावी उचललेली असते. फिल्मवरचं चित्र तेच, दुरुस्ती उलट. एपीमध्ये लहान फटीची बाजू वर आलेली आहे असं समज आणि तिकडून खाली दाब, किंवा मोठ्या फटीच्या बाजूखाली घडी केलेली चादर सरकव.

पोर्टेबलमध्ये रोटेशन बऱ्याचदा गादीमुळे येतं. मऊ गादीत डिटेक्टर एका बाजूला खचतो आणि रुग्ण त्याबरोबर कलतो. डिटेक्टरवर ग्रिड लावलेली असेल तर आणखी एक घोटाळा: ग्रिड कलली की अख्ख्या फिल्मचं एक्स्पोजर कमी पडतं, आणि सेंटर व अंतर दोन्ही चुकलं असेल तर एकच बाजू पांढरी येते. ती प्ल्युरल (फुप्फुसाभोवतीचं) पाणी समजून कुणी सुई घालायला निघू नये, म्हणून शंका आली की वॉर्डच्या डॉक्टरांना ग्रिडबद्दल स्पष्ट सांग. कृश रुग्णाला ग्रिडशिवाय ७० ते ९० केव्हीत काम भागतं.

अर्धवट बसलेल्या रुग्णाला ट्यूब सरळ लावली तर क्लॅव्हिकल फुप्फुसांच्या टोकांच्या वर जातात आणि बरगड्या आडव्या दिसतात. ट्यूब पायाकडे ३ ते ५ अंश कलव, म्हणजे बीम छातीच्या हाडाला काटकोनात येईल. अंतर सहसा १०० सेंमीच्या आसपासच मिळतं आणि हृदय डिटेक्टरपासून लांब असतं, त्यामुळे ते मोठं दिसणारच. हिशोब करून बघ: डिटेक्टरपासून १५ सेंमीवरची वस्तू १८० सेंमीवरून काढली तर साधारण ९ टक्के मोठी दिसते, १०० सेंमीवरून जवळजवळ १८ टक्के. म्हणून फिल्मवर ‘एपी, पोर्टेबल’ आणि रुग्ण बसलेला होता की झोपलेला, हे लिहिलंच पाहिजे. ते नसेल तर हृदय मोठं असल्याचा चुकीचा रिपोर्ट जाऊ शकतो.

आणि रुग्णाला धरायची वेळ आली तर आपण धरायचं नाही. नातेवाइकाला लेड ॲप्रन घालून उभं कर, बाई असेल तर गरोदर नाही ना ते आधी विचार. वॉर्डमधल्या मावशी-मामांनाही रोज रोज धरायला लावू नकोस. तू बीमच्या रेषेतून बाहेर, निदान २ मीटर लांब. टीएलडी बॅज (अंगावर पडलेला डोस मोजणारा) ॲप्रनच्या आत, छातीवर. एईआरबीने (अणुऊर्जा नियामक मंडळाने) आपल्या कामासाठी ठरवलेली मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (डोसचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३० आहे. नीट काम करणाऱ्याचा आकडा त्याच्या आसपासही जात नाही.

आता ओपन माउथ. आधी डोकं सरळ, मध्यरेषा टेबलाला काटकोनात. मग हनुवटी अशी ठेव की वरच्या पुढच्या दातांची खालची कड आणि कानामागचं मॅस्टॉइडचं टोक यांना जोडणारी रेषा टेबलाला काटकोनात येईल. हे सगळं तोंड बंद असताना. कवळी काढलेली हवी. तोंड उघडायला सांगायचं अगदी शेवटी, आणि फक्त खालचा जबडा खाली जाऊ दे. पुष्कळ रुग्ण तोंड उघडताना डोकंच मागे टाकतात आणि तुझी सगळी रेषा मोडते. कपाळावर हलका हात ठेवून एकदा उघड-मीट करवून बघ. एक्स्पोजरच्या वेळी हळू ‘आऽ’ म्हणायला सांग, जीभ खाली बसते, नाहीतर तिची सावली ॲटलासवर (मानेच्या पहिल्या मणक्यावर) येते. सेंटर उघड्या तोंडाच्या मधोमध, क्षेत्र लहान.

फिल्म वाचताना: डेन्सवर दात आले तर हनुवटी खाली राहिली आहे, वर कर. कवटीचा तळ आला तर डोकं जास्त मागे गेलंय, हनुवटी आत घे. हालचाल अगदी थोडी. रुग्णाला ‘जरा’ म्हटलं की तो इंचभर हलतो, म्हणून आपणच दोन बोटांनी हलवायचं. मान हलवता येत नसेल आणि दात आड येत असतील तर ट्यूब डोक्याकडे पाचेक अंश कलव. दात डेन्सपेक्षा ट्यूबच्या जवळ असल्यामुळे ते वर सरकतात.

अपघातातल्या रुग्णाची कॉलर आपण काढायची नाही आणि आधी आडव्या बीमची लॅटरल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ओपन माउथला जायचं नाही. त्या लॅटरलवर सी-७ आणि टी-१ मधला सांधा दिसलाच पाहिजे, तिथली दुखापत खांद्यांआड लपते. शुद्धीवरच्या रुग्णाला श्वास सोडायला सांगून एक्स्पोजर दे, खांदे थोडे खाली उतरतात. तरी दिसलं नाही तर स्विमर्स व्ह्यू (एक हात डोक्यावर घेऊन काढलेली लॅटरल) किंवा सीटी, पण त्यासाठी हात ओढायचे नाहीत.

कधी कधी दात आणि कवटीचा तळ दोन्ही अगदी एका रेषेत बसतात आणि तरीही डेन्सचं टोक दिसत नाही. मग पोझिशन बरोबर आहे, त्या माणसाची रचनाच तशी आहे. तिसऱ्यांदा ओपन माउथ काढू नकोस. दुखापत नसेल तर फुक्स व्ह्यू: हनुवटी वर, तिचं टोक आणि मॅस्टॉइडचं टोक उभ्या रेषेत, बीम त्याच रेषेला समांतर, डेन्स फोरामेन मॅग्नमच्या (कवटीच्या तळाच्या मोठ्या भोकाच्या) आत दिसतो. दुखापतीचा संशय असेल तर फुक्स करायचाच नाही, मान मागे न्यावी लागते. सरळ डॉक्टरांना सांगून सीटीला पाठव.